फळ्यावरची सात अक्षरं

"इंग्रजीत आहे काय? सव्वीस अक्षरं. ना काना, ना मात्रा, ना वेलांटी. आपल्याकडे एकट्या क ला बारा पोरं. ती सगळी मी या वयात सांभाळली, तर सव्वीस म्हणजे मला सुट्टीच. येत्या एक तारखेपासून मराठी पेपर संपला की इंग्रजी पेपरही वाचून दाखवीन."

आनंदा हे वाचनालयाच्या खुर्चीत बसून बोलला. जमिनीवर बसून बोलला असता तर कुणी मनावर घेतलं नसतं.

ही खुर्ची साधी नव्हती. डिलाईल रोडवरच्या त्या चाळीत जिन्याखाली एक खोली होती. तिला सगळे वाचनालय म्हणत. तिथे एक कपाट, एक सतरंजी आणि कुठल्याशा इराण्याचं हॉटेल मोडलं तेव्हा आणलेली एक खुर्ची, एवढाच संसार. रोज सकाळी सहाला, पहिल्या पाळीचा भोंगा व्हायच्या आत, एकजण त्या खुर्चीत बसून पेपर मोठ्यानं वाची आणि चाळीस माणसं सतरंजीवर बसून ऐकत. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीची वर्षं होती ती. सभा कुठे, मोर्चा कुठे, कोणाला पकडलं, कोणाला सोडलं, हे ऐकल्याशिवाय गिरणगावाला चहा गोड लागत नसे.

आणि गेलं वर्षभर त्या खुर्चीत आनंदा बसत होता. वीस वर्षं पगाराच्या वहीवर अंगठा उठवलेला माणूस. धम्मदीक्षा घेतली त्या वर्षी त्यानं मनाशी ठरवलं की आता अंगठा बंद. सेहेचाळिसाव्या वर्षी लेकीची, ललिताची, पाटी मांडीवर घेऊन बसला आणि दीड वर्षात पेपरपर्यंत पोचला. वाचताना अजून त्याचं बोट ओळीवरून सरकायचं, जोडाक्षर आलं की बोट थांबायचं आणि त्याच्याबरोबर चाळीस माणसांचा श्वास थांबायचा. पण आवाज असा खणखणीत की समोरच्या खाणावळीतली राधाबाई भाकरी थापता थापता सगळ्या बातम्या ऐके.

त्या खुर्चीवर चिंतामणीचा डोळा होता. चिंतामणी मॅट्रिक झालेला, फोर्टात विमा कंपनीत कारकून, पँटीला इस्त्री. त्याचं म्हणणं सरळ होतं. चाळीत मॅट्रिक माणूस असताना बोट सरकवत वाचणाऱ्याला खुर्ची कशाला?

आनंदाची घोषणा ऐकून तो गालात हसला आणि खिशातून एक कागद काढला. ऑफिसात येणाऱ्या इंग्रजी साप्ताहिकाचं पान होतं ते.

"आनंदामामा, यात एक कोडं असतं. सात अक्षरं अशीच विस्कटून दिलेली. त्यांतली हवी ती उचलायची, जुळवायची आणि शब्द करायचे. पण नुसता शब्द नाही, त्याचा अर्थही सांगायचा. रविवारी सकाळी दहा शब्द आणि दहा अर्थ सांगा. सांगितलेत तर इंग्रजी पेपर मी स्वतः माझ्या पैशानं आणून तुमच्या हातात देईन."

"आणि नाही सांगितले तर?"

"तर सोमवारपासून खुर्चीत मी."

सगळ्यांनी वाचनालयाचे अध्यक्ष दत्तारामभाऊ यांच्याकडे पाहिलं. दत्तारामभाऊ पूर्वीचे जॉबर, म्हणजे गिरणीत माणसं कामाला लावणारे. वाचता येत नव्हतं, पण चष्मा होता. त्यांनी चष्मा लावून कागद बराच वेळ पाहिला आणि म्हणाले, "अक्षरं चांगली आहेत. ठरलं."

चिंतामणीनं एकेक अक्षर वाचून सांगितलं आणि आनंदानं ती सात अक्षरं ललिताच्या वहीच्या कागदावर लिहून घेतली. एस, टी, आर, आय, के, ई, ए. चिंतामणी आपला कागद घेऊन गिरगावात बहिणीकडे निघून गेला.

*

आता इथे एक गोष्ट सांगायला हवी. आनंदाचा इंग्रजी अक्षरांशी संबंध आजचा नव्हता. गिरणीत तो घडी खात्यात होता. तयार तागा घडी होऊन आला की त्याच्या टोकाला शिक्का मारायचा, हे त्याचं काम. शिक्क्याचे लाकडी ठोकळे असत, एका ठोकळ्यावर एक अक्षर. मुकादम कापडाचा नमुना ओरडून सांगे, "के, आर, ई", की आनंदा खोक्यातून तीन ठोकळे उचलून, शाईत बुडवून ठाक ठाक ठाक मारून मोकळा. चौदा वर्षं. छापलेलं बघायला वेळ नसे, कारण तोवर पुढचा तागा हजर. बघायचा तो ठोकळा. त्यामुळे त्याला इंग्रजी अक्षरं येत होती, सगळी येत होती. फक्त ठोकळ्यावर दिसतात तशी येत होती.

आणि ठोकळ्यावरचं अक्षर उलटं असतं, हे तुम्हाला आम्हाला कळतं. आनंदाला कुणी सांगितलं नव्हतं.

शनिवारी दुपारी पाळीवरून आल्यावर तो कागद घेऊन बसला. पण एवढ्याशा कागदावर एवढीशी अक्षरं त्याला सुचू देईनात. ती ठोकळ्याएवढी तरी हवीत. त्यानं कोळशाचा तुकडा उचलला आणि भिंतीकडे वळला.

"भिंतीला हात लावाल तर बघा," त्याची बायको सुभद्रा चुलीपासून न उठता म्हणाली. "परवाच चुना मारलाय."

"अगं, खुर्चीचा प्रश्न आहे."

"मग खुर्चीवर लिहा."

आनंदा खाली उतरला. चाळीच्या तोंडाशी, रस्त्याकडे तोंड करून, संयुक्त महाराष्ट्र समितीचा फळा होता. असे फळे त्या वेळी नाक्यानाक्यावर होते. फळ्याचे नियम कडक. लिहायचं ते चाळीच्या गणपतनं, पुसायचं तेही गणपतनंच. दुसऱ्या कुणी हात लावला तर चाळ त्याला पाण्याच्या रांगेत उभं राहू देत नसे. आणि एका फळ्यावर काही आलं की शेजारच्या नाक्यावरचा माणूस ते जसंच्या तसं उतरवून आपल्या फळ्यावर लिही. तिथून पुढचा, तिथून त्याच्या पुढचा. टपाल खात्याला लाज वाटेल अशा वेगानं निरोप डिलाईल रोडवरून वरळीपर्यंत जाई.

गणपत चार दिवस गावी गेला होता. फळा कोरा होता. खडू कोनाड्यात होता. समोर कुणी नव्हतं.

आनंदानं सातही अक्षरं वीतवीतभर काढली. ठसठशीत, ठोकळ्यासारखी. टी, आय आणि ए हे तिघे सज्जन, ते दोन्हीकडून सारखेच दिसतात. बाकीचे चौघे रस्त्याकडे पाठ करून उभे राहिले. आनंदा दोन पावलं मागे सरून बघू लागला. पाहता पाहता त्याला त्यात ललिताच्या इंग्रजी पुस्तकातला 'टी' दिसला, म्हणजे चहा. मग 'रॅट' दिसला, म्हणजे उंदीर. मजा वाटायला लागली. तेवढ्यात वरून सुभद्रेची हाक आली, "पाणी आलं."

पाणी आलं म्हटल्यावर माणूस जागच्या जागी थांबत नाही. आनंदा कळशा भरायला गेला. मग चहा झाला. चहानंतर जरा पाठ टेकली. पहाटे पाचला उठलेला माणूस, पाठ टेकली की तिची झोप होते. फळा पुसायचं त्याच्या मनातही आलं नाही, कारण फळा पुसायचा नसतोच. हा नियम चाळीतल्या पोरांना त्यानंच पाठ करवला होता.

*

पहिल्यांदा फळा पाहिला तो राधाबाईनं. ती मालवणकडची, खाणावळीत वीस गिरणीवाले जेवायचे.

"अगे बाय, ह्या काय लिवलाहा? दत्तारामभाऊ, वाचून सांगा बघू."

दत्तारामभाऊ आले. चष्मा लावला. फळ्यासमोर उभे राहिले. मागे आठदहा माणसं जमली. आता एवढ्या माणसांसमोर अध्यक्ष काय सांगणार, मला येत नाही म्हणून? त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि आवाज खाली आणून म्हणाले, "हे उघड वाचायचं नसतं."

"म्हणजे?"

"म्हणजे वरून आलंय."

एवढं पुरे झालं. ज्यांना थोडीफार इंग्रजी अक्षरं ओळखता येत होती ते जवळ गेले, मान वाकडी करून पाहिलं आणि त्यांच्या लक्षात आलं की ही अक्षरं इंग्रजीसारखी आहेत पण इंग्रजी नाहीत. म्हणजे सांकेतिक. पोलिसांना कळू नये म्हणून. समितीत हुशार माणसं आहेत हे सगळ्यांना माहीत होतं, पण इतकी हुशार असतील असं वाटलं नव्हतं.

"उद्या हरताळ असणार," एकजण म्हणाला.

"उद्या रविवार आहे. गिरणी बंदच असते."

"म्हणूनच. कुणाला संशय येणार नाही."

कोपऱ्यावरच्या वाण्यानं अर्धी फळी लावून घेतली. बायकांनी पिंपं भरली, पिंपं संपल्यावर परात भरली. राधाबाईनं दोन दिवस बाजार बंद राहणार हे गृहीत धरून कोळणीची बांगड्यांची अख्खी पाटी उतरवून घेतली. आणि शेजारच्या नाक्यावरचा माणूस वही घेऊन आला, सात अक्षरं जशीच्या तशी, पाठमोऱ्या चौघांसकट, उतरवून घेऊन गेला.

संध्याकाळी आनंदा उठला तेव्हा चाळ कुजबुजत होती.

"काय झालं?" त्यानं विचारलं.

"हरताळ आहे. फळ्यावर आलंय."

आनंदाला गहिवरून आलं. आपण झोपलो तेवढ्यात एवढी मोठी बातमी येऊन गेली. त्यानं गॅलरीतून वाकून बघितलं, पण फळ्यापुढे माणसांची भिंत होती. सुभद्रेला तो म्हणाला, "तूही एक घागर जास्तीची भरून ठेव."

*

रविवारी सकाळी आठ वाजता पोलिसांची गाडी आली. फौजदार तरुण होते, पुण्याकडचे, शिकलेले. बरोबर हवालदार शामराव. शामराव याच भागातले, अर्धी चाळ त्यांना तोंडओळखीची.

फौजदारांचे डोळे लाल होते. आदल्या संध्याकाळपासून त्यांनी लालबागपासून वरळीपर्यंत अकरा फळ्यांवर हीच सात अक्षरं पाहिली होती, आणि एका फळ्यावरून दुसऱ्याचा माग काढत ते इथे पोचले होते.

"इथून सुरुवात झाली आहे," ते म्हणाले. "याचा अर्थ कोणाला माहीत आहे?"

चाळ गप्प. पण चाळीस माणसं एकदम गप्प राहून एकाच माणसाकडे बघायला लागली तर उत्तर दिल्यासारखंच होतं. सगळे दत्तारामभाऊंकडे बघत होते.

"या आजोबांना माहीत आहे म्हणता? चला, चौकीवर सांगा."

दत्तारामभाऊंनी चष्मा काढला. या खेपेला तो पुसायचंही त्यांना सुचलं नाही.

आनंदा मागे उभा होता. गर्दी जराशी हलली, फळा मोकळा झाला आणि त्याला स्वतःचं अक्षर दिसलं. मागच्या मागे जिन्यानं वर जावं असा एक विचार मनात येऊन गेला. पण भाऊंना खोकला होता, आणि चौकीतली फरशी गार असते हे सगळ्यांना माहीत होतं. तो पुढे आला.

"साहेब, ते मी लिहिलंय."

"तू? काय आहे हे?"

"कोडं आहे साहेब. यांतून शब्द जुळवायचे."

"आणि अक्षरं उलटी का?"

"उलटी कुठे? सरळ आहेत."

फौजदारांनी इकडेतिकडे पाहिलं. जिन्यापाशी न्हावी रविवारची गिऱ्हाइकं करत होता. शामरावांनी त्याचा आरसा मागून आणला आणि फळ्यासमोर धरला. अर्धा साबण लावलेलं गिऱ्हाईक आरशाच्या मागोमाग आलं. आरशात अक्षरं सुलटी झाली. आनंदा आरशात बघतच राहिला. चौदा वर्षांत त्याला हे कोणी दाखवलं नव्हतं.

"साहेब, मी गिरणीत शिक्के मारतो. ठोकळ्यावर अशीच असतात. छापलं की सुलटं होतं."

"मग हा फळा कोणावर छापणार होतास?"

शामरावांना हसू आलं, ते त्यांनी मिशीत दाबलं.

इतक्यात चिंतामणी गिरगावाहून आला. गाडी बघून त्याची इस्त्री उतरली. पण माणूस खोटा नव्हता. पुढे होऊन म्हणाला, "साहेब, कोडं मीच दिलंय. साप्ताहिकातलं आहे."

"कागद दाखव."

"भाचीनं होडी केली त्याची."

फौजदारांनी दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं. मग हाताची घडी घातली. "कोडं आहे ना? मग सोडवून दाखव. किती शब्द ठरले होते?"

"दहा. अर्थासकट."

"सांग. नाहीतर दोघेही चला."

झालं. जी परीक्षा सतरंजीवर व्हायची ती रस्त्यावर, पोलिसांपुढे, अख्ख्या चाळीसमोर सुरू झाली. आनंदानं घसा खाकरला. आरशात बोट दाखवत एकेक अक्षर जुळवू लागला.

"टी. चहा. ईट. खाणे. रॅट. उंदीर. इअर. कान."

"चार," फौजदार म्हणाले.

"टाय. आमच्या खात्याच्या मास्तराच्या गळ्यात असतो तो. चिडला की सैल करतो. सीट. बसमध्ये असते, नेहमी दुसऱ्याची."

लोक हसले. फौजदारही एक पाऊल फळ्याजवळ सरकले. "सहा."

"स्टार. तारा. स्कर्ट. मोठ्या साहेबाची मॅडम घालते." गिरणीच्या सायकल स्टँडवर एक पाटी होती, ललितानं एकदा त्याला ती वाचून दाखवली होती. "रिस्क."

"अर्थ?"

"मी आत्ता उभा आहे ती, साहेब."

"नऊ," फौजदार म्हणाले, आणि आता त्यांचा आवाज चौकीतला राहिला नव्हता. "एकच राहिला. शोध, शोध."

आनंदानं आरशात पाहिलं. आणि दहावा शब्द त्याला दिसला. सहा अक्षरांचा, ठणठणीत, युनियनच्या मोर्चात फलकावर डोक्याएवढा लिहिलेला. गिरणगावात शेंबड्या पोरालाही येणारा एकमेव इंग्रजी शब्द. ज्याच्यासाठी कालपासून पोलीस अकरा फळे हिंडले होते, नेमका तोच.

तो उच्चारला की खुर्ची त्याची. आणि उच्चारला की चौकी.

त्यानं चिंतामणीकडे पाहिलं. चिंतामणीलाही तो दिसला होता, तोंड चुन्यासारखं झालं होतं. त्यानं डोळ्यांनी "नको, नको" म्हटलं. मग फौजदारांच्या पाठीमागे जाऊन त्यानं दोन्ही हात वर केले आणि दोरी ओढल्यासारखे हात मारायला लागला. मान वर, नजर आभाळात. पतंग, 'काइट', सांगत होता बिचारा. पण आनंदा गिरणीतला माणूस. त्याला वाटलं, चिंतामणी सुताची बॉबिन भरतोय. बॉबिनीला लागणारी अक्षरं आरशात कुठे दिसेनात.

"नाही साहेब," शेवटी तो म्हणाला. "नऊच येतात. दहावा नाही येत मला."

एवढं बोलून त्यानं वाचनालयाच्या दाराकडे पाहिलं. आत खुर्ची दिसत होती. सुभद्रा गॅलरीत उभी होती. तिनं पदर तोंडाला लावला.

"अरे, नाही कसा येत?" फौजदार म्हणाले. कोड्याचं असं असतं, एकदा माणूस त्यात शिरला की टोपी कुठली घातलीय हे विसरतो. त्यांनी कोनाड्यातला खडू उचलला. "एवढी चांगली अक्षरं, आणि सगळ्यात मोठा शब्द सोडलास. हे बघ." आणि सात अक्षरांच्या खाली, सुवाच्य, सुलट्या, मोठ्या अक्षरांत त्यांनी तो शब्द लिहिला आणि शाळामास्तरासारख्या खणखणीत आवाजात वाचला. "स्ट्राइक. अर्थ, संप."

मग वाण्याची उरलेली अर्धी फळी धाडकन लागली. तिच्यापाठोपाठ पानवाल्याची, मग दुधाच्या दुकानाची, मग आवाज पुढच्या नाक्याकडे सरकत गेला. शेजारच्या नाक्यावरचा माणूस वही घेऊन केव्हाचा उभा होता. त्यानं नवा शब्द उतरवून घेतला आणि वरळीच्या दिशेनं चालू लागला.

"अरे, थांबवा त्याला. फळा पुसा," फौजदार ओरडले.

दत्तारामभाऊंनी चष्मा परत लावला होता. ते अदबीनं म्हणाले, "साहेब, फळा पुसायचा अधिकार फक्त गणपतला आहे. तो गावी गेलाय. बुधवारी येईल."

शेवटी फौजदारांनी आपल्या हातरुमालानं फळा पुसला. चौकीवर कुणालाही नेलं नाही. नेलं असतं तर तो दहावा शब्द कोणाच्या हस्ताक्षरात होता, हेही लिहावं लागलं असतं. गाडी उरलेले अकरा फळे पुसायला निघून गेली. जाताना मात्र हुकूम झाला की या फळ्यावर आठ दिवस पहारा ठेवावा. पहाऱ्याला हवालदार शामराव.

*

सोमवारी सकाळी सहाला माणसं सतरंजीवर जमली. चिंतामणी पेपर घेऊन आला, आनंदा गुपचूप सतरंजीच्या कडेला बसायला निघाला. आणि दोघेही दारातच थबकले.

शामराव खुर्चीत बसले होते. दारातून फळा समोर दिसत होता, आणि पहारा उभ्यानं करण्याचं त्यांचं वय राहिलं नव्हतं.

"भाऊ, ठरल्याप्रमाणे खुर्ची..." चिंतामणीनं सुरुवात केली. मग त्यानं आनंदाकडे पाहिलं आणि खाली मान घालून म्हणाला, "नाही, जाऊ दे. दहावा मामांना येत होता. मी पाहिलाय त्यांच्या तोंडावर. खुर्ची त्यांचीच."

"दहावा साहेबांनी सांगितला," दत्तारामभाऊ म्हणाले. "म्हणजे खुर्ची सरकारची. आणि सरकार बसलंय."

"वाचा हो कुणीतरी," शामराव म्हणाले. "माझा चष्मा घरी राहिलाय."

चिंतामणीनं हातातला पेपर आनंदापुढे धरला. आनंदानं तो घेतला, उभा राहिला, बोट ओळीवर ठेवलं आणि वाचायला लागला. शामराव ऐकता ऐकता अधूनमधून "हं, पुढे" म्हणत होते. जोडाक्षर आलं की त्यांचाही श्वास थांबत होता.

बुधवारी गणपत आला, आठ दिवस झाले, पहारा उठला. शामराव उठले नाहीत. ड्यूटी आठला सुरू व्हायची, हे सहाला येऊन बसायचे. पेपर ऐकल्याशिवाय त्यांनाही आता चहा गोड लागेना. पोलिसाला ऊठ कोण म्हणणार? राधाबाई तेवढी त्यांना रोज एक बांगडा खायला लावायची, उरलेल्या पाटीतला, खारवून ठेवलेला. "तुमच्याच फौजदारानं फळे पुसले, हरताळ बुडाला, म्हणून उरले," म्हणायची. "मगे ते कोण खातलो?"

एक तारीख आली आणि गेली. चिंतामणी शब्दाला जागला होता, इंग्रजी पेपर तो स्वतः विकत आणून रोज कोनाड्यात ठेवत होता.

"काय आनंदामामा," तो विचारी, "इंग्रजी पेपर कधी?"

आनंदा खुर्चीकडे बघे. शामराव तिच्यात मांडी घालून बसलेले असत.

"अरे, इंग्रजी ही काय उभ्यानं वाचायची भाषा आहे?" आनंदा म्हणे. "आधी बसायला तर मिळू दे."